दर महिन्याचे तीन दिवस

हजेरीपुस्तक हा शाळेचा आरसा असतो, असे मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगत आलो. त्याच आरशात मी स्वतः एकदा फार चुकीचे पाहिले. त्याची ही कबुली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीच्या वर्गात एक मुलगी होती. राहणारी लिंबायतची, मूळ गाव खानदेशातले, वडील यंत्रमागावर कामाला. मुलगी हुशार; परंतु दर महिन्यास तीन दिवस हमखास गैरहजर. वर्गशिक्षिकेने कारण दबक्या आवाजात सांगितले. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि ‘हे सगळ्याच मुलींना असते, फार लाड करू नका’ असे बजावले. ते बिचारे मान खाली घालून गेले. पुढच्या महिन्यात मुलगी शाळेत आली, दुसऱ्या तासाला पोट धरून बाकावर ओणवी झाली, आणि तिची हजेरी भरली याचे मला समाधान वाटले!

मध्यंतरी ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल नेण्यास आली. लग्नाला पाच वर्षे झाली होती, मूल नव्हते. पोटात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘एंडोमेट्रिऑसिस’ असे निदान निघाले. हा आजार बहुधा शाळेपासूनचाच असावा, असे डॉक्टरांनी तिला सांगितले. जाताना ती एवढेच म्हणाली, “सर, तेव्हा मी नाटक करत नव्हते.” तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

मी मराठीचा एम. ए.; पेशींशी माझा संबंध शाळेतच संपला होता. पण आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसलो. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

गर्भाशयाच्या आतील अस्तराला दोन थर असतात. तळाचा थर कायमचा. वरचा थर दर महिन्यास नव्याने वाढतो, गर्भाची वाट पाहतो आणि गर्भ न राहिल्यास गळून पडतो. हे गळणे म्हणजेच मासिक पाळी. बीजांडकोशातून येणारी दोन संप्रेरके हा कारभार चालवितात. इस्ट्रोजेन अस्तर वाढविते. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालून अस्तर गर्भासाठी सिद्ध करते. प्रोजेस्टेरॉन ओसरले की अस्तर सुटते.

एंडोमेट्रिऑसिसमध्ये अशाच अस्तराच्या पेशी गर्भाशयाबाहेर आढळतात: बीजांडकोशावर, उदरपोकळीच्या पातळ पडद्यावर, कधी आतड्यावर वा मूत्राशयावर. त्या तेथे पोहोचतात कशा? अमेरिकेतील आल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली याचे एक उत्तर मांडले. पाळीचे रक्त सगळेच बाहेर पडत नाही; थोडे बीजवाहक नलिकांतून उलटे वर चढून पोटात उतरते. सुरतकरांना हे निराळे समजावून सांगावयास नको. पावसाळ्यात खाडीला पुढे वाट मिळाली नाही की पाणी उलटे फिरून वस्तीत शिरते. आपण त्याला खाडीपूर म्हणतो. परंतु पुढे असे दिसून आले की हा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत, दहांपैकी सुमारे नऊ जणींत, होतो. आजार मात्र दहांत एकीला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात अशा सुमारे १९ कोटी स्त्रिया आहेत. पाणी सर्वांच्या दारी येते, गाळ काही घरांतच का साचतो, हा खरा प्रश्न आहे. शिवाय क्वचित हा आजार पुरुषांतही आढळला आहे. तेव्हा उलटा प्रवाह हे एकमेव कारण नव्हे. उदरपडद्याच्या पेशीच रूप पालटून अस्तरासारख्या होत असाव्यात, असेही एक मत आहे.

गाळ साचण्याचे कारण पेशींच्या वागण्यात आहे. पोटात आलेला असा कचरा शरीरातील भक्षक पेशी एरवी गिळून टाकतात. येथे त्या सफाईत कमी पडतात; उलट त्यांनी सोडलेल्या द्रव्यांनी दाह वाढतो आणि परक्या पेशींना आधारच मिळतो. मग या पेशी उदरपडद्याला चिकटतात. महिन्याच्या महिन्यास अस्तर मोडताना जी विकरे उपयोगी पडतात, तशाच विकरांनी त्या पडदा पोखरून आत शिरतात आणि स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. गर्भाशयातील निरोगी अस्तर इस्ट्रोजेन स्वतः बनवीत नाही. या बाहेरच्या पेशींत मात्र अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते आणि त्याच्या जोरावर त्या आपले इस्ट्रोजेन आपणच तयार करतात. त्या इस्ट्रोजेनने प्रोस्टाग्लँडिन नावाचे दाहकारी द्रव्य वाढते, आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे अ‍ॅरोमॅटेज आणखी वाढते. असे हे रहाटगाडगे अखंड चालू राहते. आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे मात्र या पेशी ऐकत नाहीत.

आपण सुरतेत राहूनही पंचांग आणि पाडवा गावाकडचाच पाळतो. या पेशीही परठिकाणी आपल्या मूळ घराचा महिना पाळतात. साम्य तेवढ्यापुरतेच! तेथेही दर महिन्यास रक्तस्राव होतो, पण त्याला बाहेर पडण्यास वाट नसते. बीजांडकोशात ते जुने रक्त साठून घट्ट, तपकिरी होते. डॉक्टर त्याला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. भोवती व्रण धरतो आणि एरवी सुटे असलेले अवयव एकमेकांना चिकटतात. मूल न राहण्याचे एक कारण येथे सापडते. या जागी नवे मज्जातंतूही फुटतात. म्हणून वेदना पुढे पाळीच्या दिवसांपुरती राहत नाही. वेदनेचे संदेश वर्षानुवर्षे पोहोचत राहिल्याने मेंदू व मज्जारज्जूही अधिक हळवे होतात.

हा कर्करोग नव्हे. २०१७ साली काही रुग्णांच्या खोलवर रुतलेल्या गाठींत कर्करोगात दिसणारे जनुकीय बदल आढळले, तेव्हा शास्त्रज्ञही चपापले होते. पुढच्याच वर्षी तसे बदल गर्भाशयाच्या निरोगी अस्तरातही मिळाले. २०२३ साली साठ हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या माहितीवरून या आजाराशी निगडित ४२ जनुकीय स्थाने निश्चित झाली. त्यांपैकी काहींचा संबंध इतर वेदनाविकारांशीही आहे. आईला किंवा बहिणीला हा त्रास असल्यास मुलीकडे अधिक लक्ष द्यावे, असे म्हणतात ते उगीच नव्हे. मुंबईस परळ येथे राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे. भारतीय स्त्रियांमधील या आजाराचा चिकित्साविषयक आणि जनुकीय अभ्यास त्या संस्थेच्या पुढाकाराने अनेक केंद्रांत हाती घेण्यात आला आहे.

सॅम्पसनचा तो लेख आला त्याच १९२७ सालच्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. शरीराविषयी मराठीत उघडपणे लिहिले म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आता कोणी खटला भरत नाही. पण आपल्या घरांत ‘कावळा शिवला’ एवढ्यावरच हा विषय अजून संपतो. मुलगी कण्हते, आजी गरम पाण्याची पिशवी देते आणि म्हणते, “लग्न झाले की जाते.” पिशवी द्यावी, ते वाक्य मात्र देऊ नये. लग्न वा बाळंतपण हा या आजारावरचा इलाज नव्हे.

पाळीत थोडे दुखणे पुष्कळ मुलींना असते आणि प्रत्येक कळ हा आजार नसतो, हेही खरे. पण नेहमीच्या गोळीने न थांबणारी, शाळा किंवा काम बुडविणारी वेदना, त्या दिवसांत शौचास वा लघवीस होताना येणाऱ्या कळा, पाळी नसतानाही ओटीपोटात राहणारे दुखणे, यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे काही नाहीच, असे समजू नये, पुन्हा विचारावे. आजार मुळासकट घालविणारे औषध आज नाही. पण संप्रेरकांच्या गोळ्यांनी आणि गरजेनुसार शस्त्रक्रियेने त्रास पुष्कळ आटोक्यात येतो, आणि लवकर कळले तर बरीच वर्षे वाचतात.

आमच्या शाळेत आता शिक्षिकांच्या खोलीत एक खाट आहे. एखादी मुलगी महिन्यामागून महिने त्याच सुमारास गैरहजर दिसली, तर वर्गशिक्षिका तिच्या आईला बोलावून घेतात आणि डॉक्टरांकडे जाण्यास सांगतात. वडिलांना बोलावून लाडांवर भाषण देण्याचे काम मुख्याध्यापकांनी सोडून दिले आहे.