हलाल रोजी : झाकावे, पण लपवू नये

गेल्या रमजानला दहा-बारा दिवस उरले असताना जालन्यात मामूंच्या दुकानातली काच फुटली. दुकान लहानच आहे. एरवी टोस्ट, खारी, नानखटाई, बिस्किटे. रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर समोसे आणि भजी. काउंटरवर काचेची एक पेटी होती. वीस-एक वर्षांपूर्वी मिस्त्रीने उरलेल्या काचा जोडून ती करून दिली होती. शेजारचा सहा-सात वर्षांचा मुलगा आईबरोबर आला, नानखटाई बघायला टाचा उंचावल्या आणि दोन्ही हातांचा भार वरच्या काचेवर टाकला. त्या काचेच्या कोपऱ्याला आधीच तडा गेलेला होता. वरून चिकटपट्टी लावलेली होती. काच आत कोसळली आणि सुरीसारखा एक लांब तुकडा त्याच्या मनगटाला लागला.

अल्लाहची कृपा, जखम खोल नव्हती. तीन टाके पडले. काचेचे कण मिसळले असतील म्हणून मामूंनी पेटीतला सगळा माल टाकून दिला. मुलाची आई रागाने एक शब्द बोलली नाही, आणि तेच मामूंना जास्त लागले. रात्री तरावीहची तयारी, किराणा, काही न बोलता ते एवढेच म्हणाले, “तडा मला माहीत होता. रोज पट्टी बदलत होतो, काच नाही बदलली.”

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, म्हणून नवी पेटी कशी करावी हे ठरवायला त्यांनी मला बोलावले. त्या आठवडाभरात जे शिकलो ते या महिन्याच्या सदरात लिहितो आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांची रोजी अशाच एखाद्या काउंटरवर चालते. बेकरी, मिठाई, चहा-नाश्ता, आणि आता घरी पदार्थ करून गल्लीच्या तोंडाशी टेबल लावणाऱ्या बहिणीही पुष्कळ आहेत.

आधी हे पाहू, की पेटी हवीच कशाला? आजीच्या घरी जाळीचे कपाट असायचे. त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, म्हणजे मुंग्या चढत नसत. दूध, सालन, उरलेली रोटी त्यात. अन्न झाकून ठेवण्याची ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. रात्री भांडी झाकून ठेवा, झाकण नसेल तर निदान एखादी काडी तरी आडवी ठेवा, अशा अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. काउंटरवरची काच म्हणजे तेच झाकण. आमच्या रस्त्यावरून दिवसभर सळयांचे ट्रक जातात, धूळ उडते, मोसंबीच्या हंगामात तर माशांचा सुकाळ असतो. उघडी परात ठेवून सोय नाही.

पहिले काम आम्ही कागदावर केलेच नाही. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे मोठे खोके आणले, कापून, चिकटवून पेटीचा पूर्ण मापाचा नमुना केला आणि काउंटरवर ठेवला. खर्च काही नाही, फायदा मोठा. मी पेटीची खोली 24 इंच धरली होती. मुमानींनी मागून हात घातला, तर पुढच्या ट्रेपर्यंत तो पोचेना. “रोज शंभर वेळा वाकून माझी कंबर जाईल,” त्या म्हणाल्या. खोली 18 इंच केली. उंचीही 18 इंच. खालचा काउंटर 30 इंच, म्हणजे वरची काच जमिनीपासून 48 इंचांवर आली. लहान मूल तिच्यावर भार टाकू शकत नाही, समोरच्या काचेतून त्याला माल सरळ दिसतो, आणि मोठ्या गिऱ्हाइकाला काचेवरून दुकानदाराचा चेहरा दिसतो. लांबी 4 फूट. फळ्यांमधले अंतर ठरवताना आधी ट्रे मोजले, मग फळी. पुष्कळ जण उलट करतात आणि मग ट्रे तिरका करून घालत बसतात.

नंतर काच. साधी काच फुटली की लांब, धारदार तुकडे होतात. त्या मुलाच्या हाताला लागला तसा. टफन काच म्हणजे साधी काच भट्टीत तापवून, हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. ती त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा साधारण चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर तिचे बारीक दाणे होतात. तिची एक अट लक्षात ठेवावी : एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून आधी सांगाडा पूर्ण तयार करावा, मग माप घ्यावे, आणि मगच काच सांगावी. चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून मध्ये रबर घालावे. काच लोखंडाला थेट टेकता कामा नये. टफन काचेचीही कमजोर जागा म्हणजे तिची कड आणि कोपरा; मधोमध धक्का सोसणारी काच कोपऱ्यावर ठोका बसला की फुटते. कडा घासून गुळगुळीत केलेल्या घ्याव्यात.

वजनाचाही हिशेब करावा. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरचे वजन अडीच किलो भरते. आमची समोरची काच 6 चौरस फूट, जाडी 5 मिलिमीटर. म्हणजे सुमारे 7 किलो. वरची तेवढ्याच मापाची, पण लोक कोपर टेकतात, पिशवी ठेवतात म्हणून 8 मिलिमीटर. ती 11 किलो. एवढा भार नुसत्या सिलिकॉनवर सोडू नये. खाली चौकोनी पाईपचा सांगाडा हवा.

जालना स्टीलचे गाव, पण ते स्टील बांधकामाच्या सळईचे. ज्याला अन्न टेकते तो पत्रा वेगळा. स्टेनलेसमध्ये 304 आणि 202 असे दोन प्रकार सर्रास विकले जातात. 202 स्वस्त, दिसायला तसाच. पण मीठ, लिंबू, चिंचेची चटणी यांनी त्यावर लवकर डाग आणि गंज येतो. चुंबक लावून पाहिले की खरे-खोटे कळते असे सांगतात, ते बरोबर नाही. चुंबक या दोघांनाही फारसे चिकटत नाही. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. पैसे वाचवायचे असतील तर बाहेरचा सांगाडा साध्या लोखंडाचा, रंग चढवलेला चालेल. अन्नाखालच्या फळ्यांत काटकसर नको.

मागची दारे सरकती ठेवली. त्यांच्या खालच्या खाचेत खारीचा भुगा साचतो आणि मुंग्या तिथेच येतात. म्हणून खाचेचे एक टोक उघडे ठेवले. ब्रश फिरवला की सगळा भुगा बाहेर. फळ्या निघणाऱ्या केल्या. जी पेटी पाच मिनिटांत रिकामी करून धुता येत नाही, ती रोज धुतली जाणार नाही.

समोशांच्या बाबतीत मुमानी माझ्या पुढे होत्या. “गरम समोसा बंद पेटीत ठेवला की तासात मऊ पडतो, आणि त्याच्या वाफेने शेजारची खारीही जाते. हे सांगायला नकाशा लागत नाही.” म्हणून पेटीचे दोन कप्पे वेगळे केले. एक कोरड्या मालाचा, घट्ट बंद. दुसरा तळणाचा, त्याच्या मागच्या बाजूला वर आणि खाली बारीक जाळी, म्हणजे वाफ निघून जाते, माशी आत येत नाही. काचेची पेटी हे फ्रिज नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उलट ऊन पडले तर ती आतून तापते; उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो तेव्हा तर विचारू नका. म्हणून तिची जागा सावलीत. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ठेवायचे तर 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खवा-दुधाची मिठाई अशा पेटीत ठेवायचीच नाही असे ठरले. समोसे एकदम तळण्याऐवजी थोडे थोडे तळायचे. आणि मशिदीत इफ्तारसाठी द्यायचे ते ताजे, मगरिबच्या आधी. उरलेले आणि शिळे झालेले देणे हा सदका नव्हे.

विजेबद्दल एकच सांगतो. धातूचा सांगाडा, आत दिव्याची वायर आणि हातात ओले फडके, यातून जीव जाऊ शकतो. सांगाड्याला अर्थिंग आणि वायरवर गळती होताच बंद होणारा स्विच, एवढे केल्याशिवाय पेटीत दिवा लावू नये.

दिव्यावरूनच खरा विषय निघाला. फॅब्रिकेशनवाला भला माणूस. तो म्हणाला, “चाचा, मागे आरसा लावू या, दहाच्या वीस नानखटाया दिसतील. आणि दिवा पिवळा घ्या; माल तुपात भाजल्यासारखा दिसतो. सगळेच लावतात.” मामूंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आरसा आहे हे सगळ्यांना कळते, त्यात फसवणूक ती काय? मामू थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आरशाचं सोड. पिवळ्या दिव्याखाली कालची खारी आजची दिसेल की नाही, ते सांग.”

दिसेल, हे मलाही ठाऊक होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना कुणी विचारली नव्हती. जुन्या पेटीत ते कालची खारी खाली आणि आजची वर रचत. गिऱ्हाईक वरची बघून मागे, हात खालूनही भरे. खोटे एकही बोललो नाही, असे ते मनाशी म्हणत.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्यापैकी अनेकांनी जुम्याच्या खुतब्यात ऐकली असेल. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, बोटांना आतली ओल लागते. विक्रेता सांगतो की पावसाने भिजले. त्यावर ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे ते त्याला विचारतात, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावतात. तो विक्रेताही खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त ढीग तसा रचला होता.

भांडे झाकण्याची ताकीद आणि ओले धान्य वर ठेवण्याची ताकीद, दोन्ही एकाच शिकवणीत आहेत आणि दोन्ही एकाच पेटीत पाळता येतात. झाकायचे ते धुळीपासून आणि माशीपासून, गिऱ्हाइकापासून नाही. आम्ही दिवा पांढरा घेतला, प्लास्टिकच्या कव्हरमधला, समोरच्या वरच्या कडेला. कसोटी सोपी ठेवली : पेटीत जो रंग दिसतो तोच पुडा दुकानाबाहेर उन्हात नेल्यावर दिसला पाहिजे. आरसा लावला नाही. आणि कोरड्या कप्प्यात डावीकडे एक वेगळा ट्रे ठेवला. त्यावर पाटी, “कालची खारी”, भाव कमी.

कायद्याचेही दोन शब्द. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक करण्यात आले होते. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे, कारण शाईतले घटक अन्नात उतरतात. छोट्या विक्रेत्यानेही अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचे प्रमाणपत्र दिसेल असे लावायचे असते. हे नियम ओझे वाटतात खरे; पण गिऱ्हाइकाला माल जसा आहे तसा दाखवा, एवढेच तेही मागतात. आमच्या दुकानात आता चिमटा वेगळा, पैसे घेणारा हात वेगळा आणि कोरा कागद, असा रिवाज आहे.

पेटी पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी बसली. पहिले चार-पाच दिवस गल्ला जरा कमीच भरला; दहाच्या जागी दहाच नानखटाया दिसत होत्या. मामूंनी ते मनावर घेतले नाही. “कालची खारी” मात्र दुपारपर्यंत संपू लागली. चहात बुडवून खाणाऱ्यांना तीच हवी असते, हे आम्हाला पाटी लावल्यावर कळले. तो मुलगाही येतो. मनगटावर टाक्यांची खूण आहे. समोर उभा राहून काचेतून बोट दाखवतो आणि कोणती नानखटाई हवी ते सांगतो.

दुकानदार बंधू-भगिनींना एक विनंती आहे. आज रात्री दुकान वाढवण्याआधी मोबाइलची टॉर्च लावून आपल्या काउंटरच्या काचेच्या चारही कडा बघा. बोट फिरवू नका, नुसते बघा. तडा दिसला तर त्यावर पट्टी लावू नका. काच काढून ठेवा आणि नवी बसेपर्यंत माल झाकणाच्या डब्यात विका.