श्रद्धेचा हक्क आणि समाजाची दुटप्पी मोजपट्टी

सोलापूर - परंपरा टिकविण्यासाठी धर्मस्वातंत्र्याचा दाखला दिला, तर समाज तो सहज मान्य करतो. मात्र त्याच स्वातंत्र्याच्या आधारे समतेची मागणी झाली, की ‘हा धर्मात हस्तक्षेप आहे’ असा आक्षेप घेतला जातो. या विसंगतीवर मात कशी करता येते, याचे बोलके उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात घडले आहे.

विठ्ठल मंदिरासमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे. पण त्यांच्या जातबांधवांना गाभाऱ्याचे दार शतकानुशतके बंद होते. हे दार उघडण्यासाठी साने गुरुजींनी १९४६च्या कार्तिकी एकादशीला उपोषणाचा निर्धार केला होता. सेनापती बापट यांच्या आग्रहावरून त्यांनी ते सहा महिने पुढे ढकलले आणि लोकमत घडविण्यासाठी महाराष्ट्राचा दौरा केला. अखेर १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले आणि १० मे रोजी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा होऊन ते सुटले. गुरुजींची मागणी समतेची होती, भाषा मात्र भक्तीची होती.

नाशिकचा अनुभव वेगळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह काही वर्षे चालला. दार उघडले नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेले धर्मांतर हाही श्रद्धास्वातंत्र्याचाच वापर होता. त्याचीही किंमत मोजावी लागली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले.

राज्यघटनेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. कलम २५ श्रद्धेचे स्वातंत्र्य देते; तेच कलम समाजसुधारणेसाठी आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्वांना खुली करण्यासाठी कायदा करण्याची मुभाही देते. तरीही १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महिलांच्या मंदिरप्रवेशाचा हक्क मान्य केल्यावर दुसऱ्याच दिवशी शनिशिंगणापुरात महिला कार्यकर्त्यांना अडविण्यात आले. देवस्थानाने ८ एप्रिलला चौथरा खुला केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मुस्लिम महिलांनी न्यायालयातून मिळविला. या महिलांना धर्म सोडायचा नव्हता, त्यांना प्रार्थना करायची होती. या निकालाचे स्वागत करणाऱ्या अनेकांना २०१८चा शबरीमला निकाल मात्र श्रद्धेवरचा आघात वाटला. काहींच्या बाबतीत नेमके उलट घडले.

म्हणजेच दावा काय आहे, यापेक्षा तो कोणाच्या धर्माविषयी आहे, हे पाहून मत बनते. खरी कसोटी वेगळी असायला हवी: एकाचा हक्क मान्य केल्याने दुसऱ्याची उपासना थांबते काय? महिला चौथऱ्यावर गेल्याने एकाही भाविकाचे दर्शन चुकले नाही. ही कसोटी सुधारकांनीही स्वतःला लावली पाहिजे.

पंढरपुरात बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने महिलांसह सर्व जातींच्या उमेदवारांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. दार उघडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण आत येणाऱ्याला सन्मानाने वाट करून देणे, हे समाजाच्याच हाती असते. गुरुजींनी त्या सहा महिन्यांत महाराष्ट्राला हेच विनविले होते.