सिस्टर आपल्या कोण?



जळगावच्या आमच्या मासिक बैठकीला काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. फिकी सुती साडी, गळ्यात-हातात काही नाही, रेक्झिनची एक पिशवी. भुसावळ-सुरत पॅसेंजरने आल्या होत्या आणि परतीच्या गाडीकडे त्यांचं लक्ष होतं. बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "मी सिस्टर होते. आता नाही." सव्वीस वर्षं त्यांनी एका धर्मसंघात काढली होती. आधी सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखान्यात, मग शाळेच्या विनाअनुदानित तुकड्यांवर. संघ सोडताना प्रवासखर्च आणि थोडी रक्कम मिळाली. त्यांचा प्रश्न एकच होता : इतक्या वर्षांच्या कामाचं मला काही मागता येतं का?

आम्ही त्यांना चहा दिला. "हा चर्चचा अंतर्गत मामला, आपल्याला त्यातलं काय कळतं?" असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. पुढचा विषय पोटगीचा होता. नवऱ्याच्या घरी वीस वर्षं राबून बाहेर पडलेल्या एका बाईला त्याच बैठकीत आम्ही अर्ज लिहून दिला. दोन्ही बायका एकाच सतरंजीवर बसलेल्या होत्या.

उत्तर शोधायला मला उशीर झाला, पण ते अवघड नव्हतं. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेत, ६६८ वं कलम सांगतं की व्रतस्थ व्यक्ती आपल्या कष्टाने जे मिळवते ते संघाचं होतं. ७०२ वं कलम सांगतं की संघ सोडणाऱ्याला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही. त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र संघाने अशा व्यक्तीशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं असं बजावतो. म्हणजे हक्क नाही, पण दया आहे. ही मांडणी आपल्याला नवी आहे का? कलमं पुरुष संन्याशांनाही लागू आहेत हे खरं. पण पन्नाशीला बाहेर पडलेल्या पुरुषाला घर जितकं सहज पोटात घेतं, तितकं "देवाला दिलेल्या" मुलीला घेत नाही.

मग मी वाचायला लागले. कॅथलिक धर्मसंघांवरचं संशोधन आपल्या महाराष्ट्रात कमी नाही, आणि मराठीने त्याचा अभिमान बाळगावा असंच आहे. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ चं ख्रिस्तपुराण. त्यावर फादर नेल्सन फल्काव यांनी २००३ साली केलेला अभ्यास. फादर देल्युरी यांचा विठोबाच्या भक्तीवरचा १९६० चा ग्रंथ. फादर लेडर्ले यांचं आधुनिक महाराष्ट्रातल्या विचारधारांवरचं १९७६ चं पुस्तक. पुरुषांनी लिहिलं, पुरुषांवर लिहिलं गेलं. १९८७ साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, जळगाव-धुळे त्यातच येतात. इथे शाळा, वसतिगृहं, दवाखाने चालवणारे हात बहुतांशी बायकांचे. देशभरात सिस्टर लाखाच्या घरात आहेत, फादरांपेक्षा कितीतरी जास्त. पण मी जे जे वाचलं त्यात त्यांची हजेरी "सिस्टर्सनी शाळा सुरू केली" एवढ्या एका वाक्यापुरती. त्यांना नावंही नाहीत.

एक अपवाद सापडला, आणि तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असायला हवा होता. हेझल डिलिमा यांचं महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या स्त्रियांवरचं पुस्तक १९८३ साली आलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला बायकांची ग्रामपंचायत निवडून आली १९८९ मध्ये, आरक्षण त्याही नंतर. त्याच्या आधी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतल्या बाईचा कुणी शांतपणे अभ्यास केला असेल तर तो या बाईंनी. आणि या बाई होत्या धर्मभगिनी! मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. त्यांचा संघ, डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी, १७९० मध्ये फ्रान्सच्या राज्यक्रांतीत जन्मला. मठ बंद पाडले जात होते, म्हणून आदेलाईद द सिसे आणि फादर क्लोरिविएर यांनी असा संघ काढला की ज्यात वेगळा पोशाख नाही, एका छपराखाली राहण्याची सक्ती नाही. तुमच्याआमच्यासारख्या साडीत वावरणारी बाई सिस्टर असू शकते हे मला तेव्हा कळलं.

याच हेझलताईंचा पुढे आणखी एका अभ्यासात मोठा वाटा होता. भारतातल्या धर्मसंघांच्या परिषदेच्या महिला विभागाने देशभरच्या संघप्रमुख सिस्टरांना प्रश्न विचारले, आणि २०२१ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. चर्चच्या आत बायकांना न्याय मिळतो का, फादरांशी जमिनीवरून, शाळेवरून, मोबदल्यावरून खटके कसे उडतात, हे सिस्टरांनीच त्यात सांगितलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ, आता वेळ आलीच आहे. आपल्या किती गटांनी ते मागवलं?

रोममध्येही हेच चाललं होतं. व्हॅटिकनच्या दैनिकाबरोबर निघणाऱ्या स्त्रियांच्या मासिकाने मार्च २०१८ मध्ये लिहिलं की बिशपांच्या घरी सिस्टर पहाटे उठून स्वयंपाक करतात, झाडतात, इस्त्री करतात, तेही जवळजवळ फुकट. पुढच्या वर्षी त्याच मासिकाने पाद्र्यांकडून सिस्टरांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांवर लिहिलं. मार्च २०१९ मध्ये संस्थापक संपादक लुचेत्ता स्काराफ्फिया आणि त्यांच्या सहकारी बायकांनी राजीनामे दिले. त्रैमासिक चालवणाऱ्यांना आणखी सांगायला नको.

आता पगाराचं. अनुदानित शाळेतल्या सिस्टरचा पगार सरकार देतं, तो संघाकडे जातो. त्यावर आयकर कापायचा की नाही यावर तामिळनाडू-केरळातले संघ वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. त्यांचं म्हणणं, व्रत घेतलेल्या व्यक्तीचा "नागरी मृत्यू" झालेला असतो, म्हणून उत्पन्न तिचं नाहीच. आपल्याकडे संन्यास घेतला की इस्टेटीवरचा हक्क संपतो, तशातला हा विचार. धुळ्या-जळगावात दीक्षेचा वरघोडा निघतो तेव्हा त्या मुलीच्या वाटणीचं काय होतं हेही आपण कधी विचारत नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने संघांची अपिलं फेटाळली. पगार त्या व्यक्तीचा, मग तो तिने कुणाला का देईना. कर कापला जाईल. बातमी वाचून मला त्या रेक्झिनच्या पिशवीची आठवण झाली. कर भरण्यापुरती सिस्टर जिवंत असेल, तर म्हातारपणी हिशेब मागण्यापुरती ती मेलेली कशी?

एका सिस्टरपुढे मी हे सगळं आवेशाने बोलले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या गटातल्या किती जणींचा पगार त्यांच्याच हातात राहतो?" शेतावर जाणाऱ्या बायका आठवल्या, मी गप्प बसले. ती पुढे म्हणाली की गावी राहिली असती तर सतराव्या वर्षी लग्न झालं असतं. संघाने तिला शिकवलं. हेही खरं आहे, आणि ते वगळून लिहिलेला अहवाल मला नको आहे. चर्चचा विचार बायकांच्या रेट्याने हलतोही. सिस्टरांना बाळंतपण करायला मनाई होती. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, मरतात, हे रावळपिंडीला पाहिलेल्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन यांनी रोमचे दरवाजे ठोठावले. त्या १९१३ मध्ये वारल्या. परवानगी आली १९३६ मध्ये.

आपल्यातल्या काहींना भीती वाटते की आपण बोललो तर मिशनवर टपून बसलेल्यांच्या हातात कोलीत मिळेल. भीती खोटी नाही. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले, ते आपल्या नवापूरच्या शेजारीच. पण शाहबानोच्या वेळी हीच अडचण होती आणि तेव्हाही गप्प बसण्याची किंमत बाईनेच मोजली. सिस्टरांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत, त्यांना हवं तेवढंच बाहेर आणायचं, एवढं पथ्य आपण पाळू शकतो.

त्या बाईंचा पत्ता मी शोधून काढला आहे. आता त्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतात. पुढच्या महिन्यात मी आणि धुळ्याची एक मैत्रीण वही आणि टेप घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत; त्यांनी ये म्हटलं आहे. त्यांच्या ओळखीने आणखी तिघी बोलायला तयार आहेत, एक अजून संघातच आहे. टिपणं उतरवून घ्यायला दोघी हव्यात. ज्यांना जमेल त्यांनी कळवा.