आजीचा आवाज गाण्याखाली दाबू नका



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या वर्गाशी आणि घराशी त्याचा जवळचा संबंध आहे. आमच्या धरमपेठेत पूर्वी लग्न, मुंज, बारसं असलं की फोटोग्राफर यायचा, सगळ्यांना ओळीने उभं करायचा आणि महिन्याभराने अल्बम आणून द्यायचा. आता लोक त्याच फोटोग्राफरला घरची फिल्म करून मागतात. आजोबांची पंचाहत्तरी, आईबाबांच्या लग्नाची पन्नास वर्षं, बाळाचं पहिलं वर्ष. "फोटो नको, आठवण राहील असं काहीतरी करून द्या," असं सांगतात. त्यामुळे फोटो काढणारी तरुण मुलं-मुली आता फिल्म करायला शिकून राहिली आहेत.

शिकताहेत हे चांगलंच आहे. कॅमेरा, ड्रोन, एडिटिंग शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. पण आजीला बोलतं कसं करायचं आणि ती बोलायला लागली की आपण गप्प कसं बसायचं, हे मात्र कोणी फारसं शिकवत नाही. माझ्या मते मनाला भिडणारी फिल्म त्यावरच उभी राहते. आणि हे काम आपण प्राथमिक शिक्षक रोज वर्गात करतो.

सिनेमाची सुरुवातही घरातूनच झाली

फोटोवाल्याने चित्रपट शिकणं ही काही नवी गोष्ट नाही. फ्रान्समधल्या ल्योन शहरातल्या ल्युमिएर कुटुंबाचा धंदा फोटोच्या काचा बनवण्याचा. त्यांनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जे पहिले लघुपट दाखवले, त्यात एक बाळाच्या जेवणाचा होता. ऑग्युस्त ल्युमिएर, त्याची बायको आणि मध्ये बसलेली त्यांची तान्ही मुलगी. बाप चमच्याने भरवतो आहे, एवढंच. एक मिनिटही पुरं नाही. म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या चित्रपटांमध्येच एक घरगुती आठवण होती!

आपल्याकडे मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, फोटोग्राफीच्याच व्यवसायात होते. १८९६ साली त्यांनी ल्युमिएरचे खेळ पाहिले, लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचं चित्रणही सावेदादांनीच केलं.

आणि दादासाहेब फाळके! चित्रकला शिकलेल्या या माणसाने काही काळ गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवला होता. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण लोकांनी पैसे लावावेत म्हणून आधी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो, ते थोडं थोडं करत बरेच दिवस टिपलं. पडद्यावर ती वाढ काही क्षणांत दिसली आणि पाहणारे थक्क झाले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात रोहिदास झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडत, रसायनांचं काम बघत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला तिचा नुसता चेहरा दिसतो, आणि त्यावर एकामागून एक बदलणारे भाव.

शंभर वर्षं उलटून गेली तरी ते भाव आपण पाहू शकतो. पण मंदाकिनीचा आवाज कसा होता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला. त्याआधी फाळक्यांनी कितीही ठरवलं असतं, तरी पोरीचं बोलणं पडद्यावर आणणं त्यांना शक्य नव्हतं.

आपल्याला ते शक्य आहे. आणि आपण काय करतो? आजी बोलत असते आणि आपण तिच्या आवाजावर गाणं टाकतो.

हरवतं ते काय?

माझ्या पाहण्यातली एक फिल्म सांगते. चित्रं सुंदर होती. आजी झोपाळ्यावर बसून काहीतरी सांगत होत्या, हातवारे करत होत्या, मध्येच पदर तोंडाला लावून हसल्या. पूर्ण वेळ वर एक हिंदी गाणं. त्या कशाला हसल्या, हे बघणाऱ्या एकालाही कळलं नाही. घरच्यांनी मूळ चित्रण मागितलं, तर ते जागा करायला केव्हाच पुसून टाकलेलं. चार महिन्यांनी आजी गेल्या. घरात त्यांचा हसरा चेहरा आहे. त्यांचं एक वाक्यही नाही.

यात नुसता आवाज जात नाही, भाषाही जाते. आपल्या नागपूरकडची आजी कोथिंबिरीला सांभार म्हणते. तिची नात 'सांभार वडी' ऐकून इडलीसोबतचं सांबार डोळ्यांसमोर आणते. आजी "गंजात दूध तापव" म्हणते, तेव्हा नातवाला लोखंडावरचा गंज आठवतो. हे शब्द मोठ्या शब्दकोशात मिळतीलही. पण ते कोणत्या लयीत, कोणावर रागावताना, कोणाला लाडाने जेवायला वाढताना येतात, हे पुस्तकात कसं सापडणार?

इथे आपल्या शिक्षकांचीही जबाबदारी आहे. "तो येऊन राहिला" असं मूल बोललं की आपण लगेच "तो येत आहे" म्हणायला लावतो. लेखनासाठी प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण मूल घरी जाऊन आजीचंच बोलणं 'अशुद्ध' ठरवायला लागतं, तेव्हा काहीतरी चुकतंय. कॅमेऱ्यासमोरही तेच होतं. लाल दिवा लागला की आजी सावरून बसते आणि बातम्या वाचल्यासारखी बोलते. अशा वेळी "आजी, जरा शुद्ध बोला" म्हणणारा फोटोग्राफर ती फिल्म तिथेच बिघडवतो.

प्रश्न विचारायलाही शिकावं लागतं

"तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "खूप छान होतं. आमच्या वेळी फार साधेपणा होता." पुढे काही नाही. वर्गात आपण "सुट्टीत मजा केली का?" विचारतो, तेव्हा साठ मुलं एका सुरात "हो" म्हणतात, तसंच हे.

त्याऐवजी असं विचारून बघा:

- शाळेत जाताना वाटेत काय काय लागायचं?
- तान्ह्या पोळ्याला तुमचा लाकडी बैल कोणी करून दिला होता? बोजारा म्हणून कोणी काय हातावर ठेवलं?
- लग्न होऊन या घरात आलात, तेव्हा पहिल्या दिवशी स्वयंपाक काय केला? कोणी नावं ठेवली का?
- घरात पहिला पंखा कधी आला? त्याच्याखाली झोपायचा पहिला मान कोणाचा?

वाट, बैल, पंखा अशी हातात धरता येणारी वस्तू दिली की म्हाताऱ्या माणसाची आठवण आपोआप चालू लागते. आपण पहिलीला मणी-बिया देऊन बेरीज शिकवतो, त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न विचारून झाला की थांबायचं. उत्तर संपलं असं वाटलं तरी मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. तरुण फोटोग्राफरला ही शांतता जड जाते, तो घाईने पुढचा प्रश्न टाकतो. नव्या शिक्षकाचंही तसंच होतं ना?

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. मनाला भिडणारी फिल्म म्हणजे रडवणारी फिल्म, असा समज पसरला आहे. मग वयस्कर बाईंच्या समोर बसून मुद्दाम विचारतात, "आजोबांची आठवण येते का हो?" डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा जवळ नेतात. हे मला पटत नाही. रडू आपसूक आलं तर येऊ द्यावं आणि कॅमेरा थोडा लांब ठेवावा. पण ओढून रडू आणणं म्हणजे त्या माणसाच्या दुःखाचा वापर करणं. त्यापेक्षा "आजोबा कशावरून चिडायचे?" विचारा. आजी हसत हसत सांगतील आणि आजोबा त्या खोलीत येऊन बसल्यासारखे वाटतील.

फोटोग्राफरचीही बाजू आहे

या मुलांशी बोललं की ती सांगतात, "मॅडम, गिऱ्हाईकालाच गाणं पाहिजे. तीन मिनिटांत संपलं पाहिजे, स्टेटसला टाकता आलं पाहिजे. दोन तास आजींसोबत बसलो तर त्याचे पैसे कोण देणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. कॅमेऱ्याचे हप्ते आहेत, भाडं आहे. फुटाळ्यावर लग्नाआधीचं शूटिंग केलं की रोख पैसे मिळतात. आजीचं ऐकण्याचा दर कोणी ठरवलेलाच नाही.

म्हणून पालकांनो, हा दर आपण ठरवायचा. काम देतानाच दोन गोष्टी मागा. एक, गाण्यासकट छोटी फिल्म, पाहुण्यांना दाखवायला. दुसरी, मोठ्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं, गाणं न टाकता, कापाकापी न करता. या दुसऱ्या कामाचे वेगळे पैसे द्या आणि मूळ चित्रण आपल्या ताब्यात घ्या. ते निदान दोन ठिकाणी साठवा, कारण एक मोबाईल पडला किंवा एक हार्ड डिस्क बंद झाली की सगळं गेलं. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटात पडून असतील, तर त्याही आता डिजिटल करून घ्या. त्या फिती वर्षागणिक खराब होतात आणि त्या चालवणारं यंत्र सापडणंही कठीण झालं आहे. त्यात गेलेल्या कितीतरी माणसांचं बोलणं आहे.

फोटोग्राफर परवडत नसेल तरी अडत नाही. घरचा मोबाईल आडवा धरा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, पंखा थोडा वेळ बंद करा आणि मोबाईल हातभर अंतरावर ठेवा. आवाज स्पष्ट आला की निम्मं काम झालं.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासात कुटुंब हा विषय असतोच. तिसरी-चौथीच्या मुलांना आठवडाभराचा एक उपक्रम द्या. मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायचे. पालकांच्या मोबाईलवर फक्त आवाज नोंदवायचा. मग त्यातले न समजलेले शब्द वहीत लिहून आणायचे. फळ्यावर ते सगळे शब्द मांडले की एक सुरेख तास होतो. हीच मुलं पुढे कॅमेरा धरतील, तेव्हा त्यांना ऐकायची सवय झालेली असेल.

यात काही पथ्यं पाळायला हवीत. समोरच्याची परवानगी आधी घ्यायची, "हे नको ठेवू" म्हटलं तर पुसायचं. मुलांचे व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर फिरवायचे नाहीत. "जुना फोटो आणा" अशी सक्ती करू नये, कारण आपल्या वर्गात अशीही मुलं आहेत ज्यांच्या घरी एकही जुना फोटो नाही, किंवा घरात आजी-आजोबा नाहीत, काहींना आईवडीलही नाहीत. त्या मुलाने शाळेच्या मावशींना विचारलं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काकांना विचारलं, तरी ते तितकंच मोलाचं.

आणि हे सगळं एका दिवसात उरकायची घाई नको. फाळक्यांचा वाटाणाही एका दुपारी वाढला नव्हता. महिन्यातून एकदा दहा मिनिटं बसलात तरी वर्षाअखेर दोन तासांचं बोलणं जमा होतं. सणाचाच दिवस हवा असंही नाही. आजी वरणाला फोडणी देत असेल तेव्हाच ओट्याजवळ मोबाईल ठेवा आणि एक प्रश्न विचारा. मध्ये कुकरची शिट्टी झाली, खालून भाजीवाल्याने हाक मारली, तर तीही राहू द्या. वीस वर्षांनी तुमच्या मुलाला आपलं घर ओळखू येईल, ते त्याच आवाजांवरून.