तापलेले इंजिन लगेच मोडीत काढू नका

रत्नागिरी, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर होडीचे आउटबोर्ड इंजिन तापून बंद पडले की मालक घाबरतो आणि मेकॅनिक सांगेल त्या खर्चाला मान डोलावतो. माझ्या मते तपासणीआधी एक पैसाही कबूल करू नये. इंजिन आपोआप निवू द्यावे, वर गार पाणी ओतू नये. मग प्लग काढून पाहावेत. त्यांवर ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर पिस्टन खरचटला समजावे. फोर-स्ट्रोकचे ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

खरी कसोटी कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडरचा आकडा आपल्यासमोर लिहून घ्यावा. सगळे चांगले व जवळजवळ सारखे असतील तर मोठे नुकसान बहुधा टळले. शेजारचे दोन कमी भरले तर हेड गॅस्केटचा संशय. एकच कमी असेल तर पिस्टन किंवा रिंगा. पुष्कळ मेकॅनिक गेज न लावता नुसत्या आवाजावरून निदान करतात. मीटरपट्टीवाचून कापड मोजणाऱ्या दुकानदाराकडून आपण माल घेऊ काय?

शिवाय पाणी ओढणारा रबरी इंपेलर झिजला आहे का, पाण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे का, तेही पाहावे. नाहीतर दुरुस्त केलेले इंजिन पुढच्या फेरीत पुन्हा तापेल.