पोट्टं गेम खेळते, म्हणून त्याच्या मोबाइलवर पहारा? थांबा जरा!



मागच्या रविवारच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक जण माझ्याजवळ आले. इतवारीत त्यांचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, सहा माणसं कामाला. आवाज खाली करून म्हणाले, "सर, एखादं ॲप सांगा ना. पोट्ट्यांच्या मोबाइलमध्ये टाकून देतो. दिवसभर गेम खेळतेत. बारा-बारा हजार पगार काहून देऊ मी?"

मी विचारलं, "भाऊ, नुकसान किती होतंय?"

"खूप होते सर."

"खूप म्हणजे किती? महिन्याला दोन हजार की वीस हजार?"

ते गप्प. आकडा त्यांच्याकडे नव्हता. फक्त राग होता.

मित्रांनो, हा प्रश्न मला दर दोन बॅचमागे एकदा तरी येतो, म्हणून आज लिहितोच. माझं मत सरळ आहे. नुकसान मोजायच्या आधी माणसावर पाळत ठेवणारा मालक पैसाही घालवतो आणि माणूसही. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी स्वतः ही चूक केलीय, ती खाली सांगतोच. पण आधी आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ.

घड्याळाने काय मोजलं?

काही वर्षांपूर्वी नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या हातात जीपीएसवाली घड्याळं बांधली. दोन-चार नाही, सात-आठ हजार कामगारांसाठीची ही योजना होती. देशभर तिची बातमी झाली. चंडीगड, पंचकुला या शहरांतही सफाई कामगारांना अशीच घड्याळं दिली गेली.

आता एक गोष्ट मान्य करू. महापालिकेची अडचण खोटी नव्हती. हजेरी लावून निघून जाणारे, आपल्या जागी दुसऱ्यालाच कामावर पाठवणारे, हे प्रकार मोठ्या कामात होतात. मालक म्हणून तुम्हाला हे मी सांगायला नको.

पण ते घड्याळ काय मोजत होतं? माणूस कुठे उभा आहे, एवढंच. रस्ता झाडला की नाही, हे घड्याळाला कळत नाही. नेमून दिलेल्या बीटमध्ये कडुलिंबाखाली बसून राहिलेला माणूस हजर. काम लवकर आटोपून पाणी प्यायला हद्दीबाहेर गेलेली बाई गैरहजर! वरून बॅटरी संपली, नेटवर्क गेलं, की पगार कापला जाईल ही धास्ती. काही शहरांत बायांनी विचारलं, यात कॅमेरा आहे का? संडासला जाताना काय करायचं? विचार करा, आपल्या हातावरच्या वस्तूबद्दल एखाद्या बाईला हा प्रश्न पडावा, आणि तिला विश्वासात घेऊन कोणी आधी नीट सांगितलेलं नसावं.

इथून छोट्या मालकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, जे मोजणं सोपं आहे ते आणि जे मोजायला पाहिजे ते, हे दोन्ही एकच नसतं. दुसरी, यंत्र लावायच्या आधी माणसाशी बोललं नाही, तर यंत्र बरोबर चाललं तरी माणूस तुटतो.

आणि महापालिकेचा कामगार नोकरी सोडून सहजासहजी जात नाही. तुमचा जातो. समोरच्या दुकानात पाचशे रुपये जास्त मिळाले की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद!

"पण सर, दुकान माझं आहे!"

बरोबर, दुकान तुमचं आहे. त्याच्या खिशातला मोबाइल त्याचा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले. आता हा हक्क मुख्यतः सरकारसमोर मागायचा असतो, तुमच्या दुकानावर उद्या त्यावरून खटला होईल असं मी म्हणत नाही. पण कायद्याचा वारा कुठल्या दिशेने वाहतोय, ते ओळखा.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली. या कायद्याच्या कलम ७ मध्ये मालकांसाठी एक सवलत आहे. नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरता येते. हे ऐकलं की बरेच जण खूश होतात, "बघा सर, परवानगी आहे!"

थांबा. सवलत "नोकरीच्या कामासाठी" आहे. तो रात्री कोणाशी बोलतो, बहिणीच्या लग्नासाठी कोणाकडून पैसे मागतो, कोणत्या दवाखान्यात जातो, हे तुमच्या कामाचं नाही. आणि जी माहिती तुम्ही गोळा केली, ती सांभाळायची जबाबदारीही तुमचीच. माहितीची पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. इतवारीतल्या दुकानाला कोणी २५० कोटी मागायला येणार नाही, पण फुकटचं पाळतीचं ॲप टाकून कर्मचाऱ्यांचे फोटो, मेसेज, बँकेचे ओटीपी कोणत्या तरी अनोळखी कंपनीकडे जात असतील, तर त्या भानगडीत पहिलं नाव तुमचं येईल.

आणि एक पक्की रेघ मनात ओढून ठेवा. कपडे बदलायची जागा, बाथरूम, इथे कॅमेरा कधीच नाही. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बुटीक, पार्लर, जिम चालवणाऱ्या ताई-दादांनी हे लिहूनच ठेवा.

गेमचं काय करायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पोट्टं गेम खेळते.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जी मोबाइल बंद केला. पोरांचा खेळ बंद झाला का? नाही. दुसरे गेम आले, मग २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. सरकारला जे जमलं नाही, ते तुम्ही एका ॲपने करणार?

इथे दोन प्रकार वेगळे करा. एक, टाइमपासचा गेम. यात तुमचा वेळ जातो. दुसरा, पैसे लावायचा गेम. यात माणूस जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना त्यात वाव आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांवर मात्र बंदी, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार न मानता फसलेला मानतो. सरकारचाच अंदाज आहे की अशा खेळांत लोकांचे वर्षाला २० हजार कोटींहून जास्त रुपये बुडत होते.

म्हणून कर्मचारी पैशाच्या गेममध्ये अडकलाय असं वाटलं, तर मोबाइल तपासू नका, त्याच्याशी बोला. महिन्यात तीन वेळा ॲडव्हान्स मागतो, सोबतच्यांकडून उधार घेतो, गल्ल्याजवळ उगाच घुटमळतो, ही लक्षणं कोणत्याही ॲपशिवाय दिसतात. डोळे उघडे ठेवले की पुरे.

आणि हो, फक्त पोट्ट्यांकडेच बघू नका. २०२३ मध्ये नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली की ऑनलाइन जुगारात आपण सुमारे ५८ कोटी रुपये गमावले. पुढे गोंदियात छापा पडला, कोट्यवधींची रोकड आणि सोनं-चांदी जप्त झाली. ५८ कोटी गमावणारा माणूस बारा हजार पगाराचा पोऱ्या नव्हता मित्रांनो, धंदेवाला होता. कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पहारा बसवायच्या आधी मालकाने आपला स्वतःचा मोबाइल एकदा बघावा.

मग करायचं काय? चार गोष्टी

१. आधी पंधरा दिवस काम मोजा. किती ऑर्डर आल्या, किती वेळेवर गेल्या, किती उशिरा, उशिराचं कारण काय. साधी वही चालेल.

२. कॅमेरा लावायचा तर वस्तूवर लावा. गल्ला, गोडाऊनचं दार, माल उतरवायची जागा. चोरी होते, मला मान्य आहे, तिथे कॅमेरा हवाच. पण सगळ्यांना सांगून, "इथे कॅमेरा आहे" अशी पाटी लावून. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा.

३. मोबाइलचा नियम वेळेचा ठेवा. गर्दीच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये, मधल्या सुट्टीत मोकळा. घरून अर्जंट फोन आला तर दुकानाचा नंबर द्या. आणि हा नियम मालकालाही लागू. तुम्ही काउंटरवर बसून रील बघणार आणि त्याला ओरडणार, हे चालत नाही.

४. नियम एका कागदावर मराठीत लिहा, वाचून दाखवा, सही घ्या. कामाचं लोकेशन हवं असेल, समजा डिलिव्हरीवाला आहे, तर कंपनीचा फोन द्या आणि ड्युटी संपली की ट्रॅकिंग बंद. हेही त्याच कागदावर लिहा.

कोणतंही यंत्र घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, हे माझ्या हातावर कोणी बांधलं तर मला चालेल का? उत्तर "नाही" आलं, तर खरेदी पुढे ढकला.

माझी चूक

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात तीन जण होते. मी हौसेने कॅमेरा लावला, माइकवाला. बाहेरगावी ट्रेनिंगला गेलो की गाडीत बसून मोबाइलवर ऑफिस बघायचो. आवाज येतो हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

एक दिवस ऐकलं, ॲडमिशन सांभाळणारी ताई दुसऱ्याला सांगत होती, "सरांना शिकवता छान येतं, पण फीचा हिशेब काही जमत नाही." मला झोंबलं. पुढच्या मीटिंगमध्ये तोंडून निघून गेलं, "माझा हिशेब कच्चा आहे म्हणे!"

ती काही बोलली नाही. कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, बस. महिनाभरात नोकरी सोडली. तिच्या जागी धड माणूस मिळायला मला तीन महिने लागले, त्यात एक अख्खी बॅच अर्धी रिकामी गेली. आणि नंतर हिशेब काढला तेव्हा कळलं की ती बरोबर होती. दोन वर्षं हप्त्यांच्या फीचा घोळ चालू होता. जी गोष्ट तिला विचारली असती तर तिने समोर बसून सांगितली असती, ती मी चोरून ऐकली आणि तरी शिकलो नाही.

माइक त्याच आठवड्यात बंद केला. ती ताई काही परत आली नाही.

इतवारीच्या भाऊंचं काय झालं?

त्यांनी वही केली. पंधरा दिवसांनी फोन आला. अकरा ऑर्डर उशिरा गेल्या होत्या. सात वेळा गोडाऊनमधून मालच उशिरा आला होता, आणि गोडाऊनची किल्ली कोणाजवळ? भाऊंजवळच! चार वेळा मात्र खरंच मोबाइलमुळे उशीर झाला होता. म्हणजे पोट्टी अगदी साळसूद नव्हती. पण रोग एक आणि औषध भलत्यालाच, असं होणार होतं. आता दुसरी किल्ली बनवली, फोनसाठी ड्रॉवर केला. एक पोट्टं अजूनही कधी कधी सापडतं म्हणाले. सापडेल! पण आता ते वही दाखवून बोलतात, शिवी देऊन नाही.

या आठवड्याचं होमवर्क: एक वही घ्या, पंधरा दिवस उशिराची कारणं लिहा. शेवटी मोजा, त्यातली किती कर्मचाऱ्याची आहेत आणि किती तुमची स्वतःची. दुसरा आकडा मोठा निघाला तर लाजू नका, तो दुरुस्त करायला ॲपचे पैसे लागत नाहीत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, माणसं टिकवा.