इओदो : नकाशावरचा खडक, गाण्यातले बेट

दक्षिण कोरियाच्या मारादो बेटापासून नैर्ऋत्येला १४९ किलोमीटरवर समुद्रात एक खडक आहे. त्याचा माथा कायम पाण्याखाली, सुमारे साडेचार मीटर खोल. १९०० मध्ये 'सोकोत्रा' या ब्रिटिश जहाजामुळे त्याची नोंद झाली आणि २००३ मध्ये कोरियाने तिथे सागरी संशोधन केंद्र उभारले. खडकाला नाव मिळाले इओदो. जेजू बेटाच्या दंतकथेतले आणि गाण्यांतले इओदो म्हणजे समुद्रावरून न परतलेल्यांचे सुखाचे बेट. चीनशी सागरी हद्दीचा वाद असल्याने, पूर्वजांना हा खडक ठाऊक होता याचा पुरावा म्हणून आता कोरियात ही दंतकथा पुढे केली जाते. त्यात त्या गाण्यांवर अन्याय होतो, असे मला वाटते. ज्या बायकांनी ती गायिली, त्यांना हद्द आखायची नव्हती.

इओदोचा पुकारा येतो तो जेजूच्या पाणबुड्या बायकांच्या, म्हणजे हेन्योंच्या, वल्हवताना म्हणायच्या गाण्यांत आणि दळणाच्या गाण्यांत. जात्यावरच्या ओव्या ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे नाते सांगावे लागू नये : हाताला लय हवी असते आणि त्याच लयीत मनातले बोलता येते. हेन्यो श्वास रोखून तळाशी जातात आणि शंखशिंपले, समुद्रवनस्पती काढून आणतात. परलोकात कमवायचे आणि इहलोकात खर्चायचे, अशी त्यांच्यात म्हण आहे. ती अलंकारिक नाही, रोजच्या जोखमीचा हिशेब आहे. शिवाय जेजूवर राजदरबारासाठी अबलोन शिंपल्यांच्या खंडणीचा बोजा होता. लोक पळून जाऊ लागले, तेव्हा १६२९ मध्ये बेट सोडायलाच बंदी आली आणि ती जवळपास दोनशे वर्षे टिकली. जिथून बाहेर पडणेच गुन्हा होता, तिथल्या माणसांना पलीकडच्या बेटाची ओढ का लागावी, हे समजायला सागरी नकाशा लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. काही अभ्यासकांच्या मते गाण्यातला 'इओ' हा वल्हे मारतानाचा निव्वळ हुंकार. स्वर्गीय बेटाची कथा त्याला विसाव्या शतकात लिखित साहित्यातून चिकटली. यी चोंग-जुन यांची १९७४ ची 'इओदो' ही कादंबरिका आणि तिच्यावरचा १९७७ चा चित्रपट यांनी ती दूरवर पोचवली, हे खरेच. पण आक्षेप मान्य केला तर पुराव्याचा दावा कोसळतो, गाणे नव्हे. हुंकार असला तरी तो श्रमाचाच, आणि बुडालेल्यांचे दुःख त्या बायकांच्या घरात होतेच.

लोकसमजुतीत ज्ञान नसते, असे मात्र कुणी म्हणू नये. चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी योंगदुंग आजी जेजूवर येते आणि पंधरवड्याने परतते. या दिवसांत समुद्रात जायचे नसते. शिंपले आतून पोकळ लागतात, कारण ते आजीने खाल्लेले असतात. जाताना ती नव्या पिकाचे बी पेरून जाते. वारा बेभरवशाचा असतो तेव्हा माणसांना किनाऱ्यावर ठेवणारा आणि समुद्राला उसंत देणारा हा नियम. या देवीच्या विधीला युनेस्कोने २००९ मध्ये आणि हेन्यो संस्कृतीला २०१६ मध्ये वारसा यादीत घेतले. पण गाण्यांचे काय? आता होड्यांना इंजिने आहेत, वल्ही नाहीत, आणि हेन्यो बहुतांश वृद्ध आहेत. कोणते गाणे कोणत्या कामाला, कोणत्या ओढीच्या पाण्यात म्हणत, हे त्यांच्याकडूनच नोंदवून घ्यायला हवे. खडकावरच्या पोलादी केंद्राइतका पैसाही त्याला लागणार नाही.